शॉच्या स्मारकाची मागची बाजूसुद्धा मुलांना दाखवूया

बॉस्टन आणि आसपासच्या मराठी शाळांमध्ये दर रविवारी शिकवणाऱ्या सगळ्या ताई-दादांना आणि आपल्या पालक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मे महिना जवळ आला की आपल्या ग्रुपवर मुलांच्या सहलीची चर्चा सुरू होते, डबे कुणी आणायचे, कुणाच्या गाडीत किती मुलं बसतील, पाऊस आला तर काय, आणि जागा मात्र दरवर्षी तीच ठरते, बॉस्टन कॉमन हे मोठं मैदान आणि तिथून पुढे शहरातल्या ऐतिहासिक जागा जोडणाऱ्या फ्रीडम ट्रेलच्या लाल विटांवरून मुलं चालतील तेवढं. मला त्या सहलीबद्दलच बोलायचंय. ग्रुपवर लिहायला घेतलं तर चार मेसेजनंतर कुणी वाचणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसाठी उघडच लिहितेय, सवडीने वाचा पण पूर्ण वाचा ही विनंती.

दोन वर्षांपूर्वीच्या सहलीत माझ्याकडे ११ मुलं होती. स्टेट हाउसचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा, सोनेरी घुमट मागे यावा म्हणून आपण बीकन स्ट्रीटवर सगळ्यांना उभं करून फोटो काढत होतो. फोटो काढणारे ज्याला पाठ करून उभे होते ते एक भलंमोठं ब्राँझचं शिल्प आहे, घोड्यावर एक तरुण अधिकारी आणि त्याच्या बरोबरीने बंदुका खांद्यावर टाकून चाललेले सैनिक. दुसरीतल्या एका मुलीने मला विचारलं, "मावशी, घोड्यावर कोण आहे?" मी म्हटलं, "असेल कुणीतरी जनरल, चल लवकर, सगळे पुढे गेले." ती जागची हलली नाही. म्हणाली, "आणि हे चालणारे कोण?" त्याचं उत्तर मी दिलंच नाही, तिचा हात धरला आणि पुढे निघाले. त्या रात्री मला झोप लागेना. एवढी वर्षं या शहरात राहतेय, त्या शिल्पासमोरून किती वेळा गेले असेन, आणि एका पोरीला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेले, आणि आता वाटतं की आपल्या मुलांना या शहरात एकच जागा दाखवायची असेल तर ती हीच दाखवावी.

घोड्यावरचा माणूस जनरल नव्हता. तो कर्नल होता, रॉबर्ट गूल्ड शॉ, आणि मेला तेव्हा २५ वर्षांचा होता. आपल्या ग्रुपमधली निम्मी मुलं मास्टर्स करून पहिल्या नोकरीला लागतात त्या वयाचा. तो व्यवसायाने सैनिकही नव्हता. अमेरिकेच्या यादवी युद्धात कायमचं सैन्य अगदी लहान होतं, लढाईचा खरा भार उचलला तो व्हॉलंटियर पलटणींनी. प्रत्येक राज्य आपापल्या पलटणी उभ्या करायचं, त्यांना राज्याचं नाव आणि नंबर असायचा, आणि अधिकारी नेमायचा अधिकार गव्हर्नरकडे असायचा. वकील, मास्तर, दुकानदार, कॉलेजातली पोरं असे लोक आपण होऊन नाव नोंदवायचे. शॉ त्यातलाच एक.

जन्म बॉस्टनचा, १० ऑक्टोबर १८३७. घर अतिशय श्रीमंत, चार बहिणींमध्ये हा एकुलता एक मुलगा. आईवडील, सारा आणि फ्रान्सिस शॉ, दोघंही गुलामगिरी नष्ट करा म्हणणाऱ्या चळवळीतले. पुढे कुटुंब न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडला राहायला गेलं, मुलाला शिकायला स्वित्झर्लंड आणि जर्मनीला ठेवलं, मग हार्वर्ड. तिथे तीन वर्षं काढली आणि डिग्री न घेताच बाहेर पडला, मामाच्या पेढीवर न्यूयॉर्कला कामाला लागला आणि तिथेही जीव रमेना. आईवडिलांच्या चळवळीचं त्याला फार प्रेम होतं असंही नाही. त्याची पत्रं छापलेली आहेत, त्यात सुरुवातीला कृष्णवर्णीय लोकांबद्दल त्याने वापरलेले शब्द आज वाचताना अंगावर येतात. मुलांना सांगताना आपण हे गाळू नये असं मला मनापासून वाटतं, कारण तो पुढे जो झाला तो इथून चालत गेला, हे दिसल्याशिवाय त्याची गोष्ट कळतच नाही.

एप्रिल १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या तोफांनी चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट समटरवर मारा केला आणि युद्ध सुरू झालं. शॉ लगेच न्यूयॉर्कच्या सातव्या मिलिशिया पलटणीत महिनाभरासाठी गेला, मग मे महिन्यात मॅसॅच्युसेट्सच्या दुसऱ्या इन्फन्ट्रीत सेकंड लेफ्टनंट झाला. पुढची दीड-पावणेदोन वर्षं तो खरा लढला. विंचेस्टरला गोळी आली ती खिशातल्या घड्याळावर आदळली म्हणून वाचला. सीडर माउंटनला त्याच्या पलटणीतले जवळचे मित्र एकामागून एक गेले. सप्टेंबर १८६२ ला अँटिटमची लढाई झाली, अमेरिकेच्या इतिहासातला एका दिवसातला सगळ्यात रक्तरंजित दिवस, तिथेही तो होता. एव्हाना कॅप्टन झाला होता.

मग १ जानेवारी १८६३ ला बंडखोर राज्यांतले गुलाम आता मुक्त, असं सांगणारी राष्ट्राध्यक्ष लिंकनची घोषणा अमलात आली आणि त्यातच कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यायची वाट मोकळी झाली. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन अँड्र्यू याने ठरवलं की अशी पलटण आपण उभी करायची, नंबर ५४. तिचा कर्नल कोण? त्याने शॉच्या वडिलांना पत्र लिहिलं आणि आत मुलासाठी नेमणुकीचं पत्र घातलं. ते पत्र पोस्टाने न पाठवता फ्रान्सिस शॉ स्वतः घेऊन व्हर्जिनियातल्या थंडीत, चिखलात मुलाच्या छावणीवर गेले.

आणि मुलाने नाही म्हटलं.

वडील ते नाही घेऊन परत निघाले. रॉबर्टला वाटत होतं की आपल्याच्याने हे व्हायचं नाही, आपली जुनी पलटण सोडवत नव्हती. आणि लोक काय म्हणतील ही भीती, कारण तेव्हा उत्तरेतही कृष्णवर्णीय सैनिकांची टिंगल होत होती. एक-दोन दिवस गेले, आणि त्याने वडिलांना तार केली की माझं नाही हे फाडून टाका, मी येतो. मला शॉ आवडतो तो इथे, या दोन दिवसांत. तलवार घेऊन घोड्यावर बसलेला शूर माणूस मुलांना कुठेही बघायला मिळतो हो, पण आधी नाही म्हणून मग रात्रभर तळमळून हो म्हणणारा माणूस त्यांना फारसा कुणी दाखवत नाही.

बॉस्टनच्या दक्षिणेला रीडव्हिलला छावणी पडली, कॅम्प मेग्ज. भरतीसाठी फ्रेडरिक डग्लस यांनी, स्वतः गुलामीतून पळून सुटलेल्या नामवंत वक्त्यांनी, गावोगाव भाषणं केली आणि स्वतःचे दोन मुलगे दिले, लुईस आणि चार्ल्स. माणसं नुसती बॉस्टनची नव्हती, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो, थेट कॅनडातून आली. काही जन्मापासून स्वतंत्र, काही पळून आलेले गुलाम, न्हावी, शेतमजूर, खलाशी. इतके आले की लागलीच दुसरी पलटण काढावी लागली, ५५ नंबरची. शॉ शिस्तीला कडक होता, जरा जास्तच, पण घरच्या पत्रांमध्ये त्याचा सूर बदलत गेलेला दिसतो. ही माणसं इतक्या लवकर शिकतात याचं त्याला आश्चर्य वाटतं, मग कौतुक वाटतं, मग "माझी माणसं" असं तो लिहायला लागतो. दक्षिणेने तोपर्यंत जाहीर केलं होतं की पकडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला युद्धकैदी मानणार नाही, आणि त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्याला गुलामांना बंड करायला लावल्याबद्दल फाशीसुद्धा होऊ शकते. रीडव्हिलला कवायत करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

२ मे रोजी शॉने अ‍ॅनी हॅगर्टीशी न्यूयॉर्कला लग्न केलं. २८ मे १८६३ ला पलटण बॉस्टनच्या रस्त्यांवरून संचलन करत निघाली, स्टेट हाउससमोरून, म्हणजे आपण फोटो काढतो बरोब्बर त्याच जागेवरून, आणि त्याच दिवशी बोटीत बसून दक्षिणेला गेली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. अ‍ॅनी त्यानंतर ४४ वर्षं जगली, १९०७ साली गेली, पुन्हा लग्न केलं नाही.

शॉच्या वाट्याचं पुढचं सगळं फक्त सात आठवड्यांत घडलं. साउथ कॅरोलायनात उतरल्यावर शॉला कर्नल माँटगोमेरी नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली जॉर्जियात डेरियन नावाच्या गावावर पाठवलं. गावात लढायला कुणी नव्हतं. माँटगोमेरीने गाव लुटायचा आणि जाळायचा हुकूम दिला. शॉच्या माणसांनाही त्यात हात घालावा लागला, आणि त्याला याची इतकी शरम वाटली की त्याने घरी आणि गव्हर्नरला पत्रं लिहून हे लज्जास्पद आहे असं स्पष्ट कळवलं. (युद्धानंतर त्याच्या आईने डेरियनचं चर्च परत बांधायला पैसे पाठवले.) मुलांच्या गोष्टीतून डेरियन वगळू नका. आपल्या बाजूच्या माणसाने चूक केली तर ती चूकच, हे सांगायला याच्याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मग पगार. या माणसांना भरती करताना सांगितलं होतं की इतर सैनिकांइतकाच, महिना १३ डॉलर मिळेल. हातात द्यायची वेळ आली तेव्हा सरकार म्हणालं, कृष्णवर्णीयांना १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ कापून. म्हणजे ७. शॉने गव्हर्नरला लिहिलं की एकतर ठरलेला पूर्ण पगार द्या नाहीतर पलटण मोकळी करा. आणि सैनिकांनी काय केलं? त्यांनी पगारच घेतला नाही. मॅसॅच्युसेट्स राज्य म्हणालं, वरचा फरक आम्ही भरून देतो, तर तोही घेतला नाही. प्रश्न फक्त पैशाचा नव्हता ना, केंद्र सरकारने आपल्याला सैनिक म्हणून पूर्ण धरायचं की नाही याचा होता. घरी बायकापोरं उपाशी, पत्रं येतायत की भाडं थकलंय, आणि ही माणसं दर वेळी पगाराच्या टेबलासमोर रांगेत येऊन नको म्हणून परत जातायत. दीड वर्ष. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले.

त्यातला एक कॉर्पोरल होता, जेम्स हेन्री गूडिंग, न्यू बेडफर्डचा, आधी देवमासे धरणाऱ्या जहाजावर खलाशी. त्याने सप्टेंबर १८६३ मध्ये सरळ राष्ट्राध्यक्ष लिंकनना पत्र लिहिलं आणि विचारलं की आम्ही सैनिक आहोत की मजूर, ते एकदा सांगा. पुढे तो फ्लोरिडात ओलस्टीच्या लढाईत पकडला गेला आणि अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या तळावर मेला. संसदेने जून १८६४ मध्ये समान पगाराचा कायदा केला, तोही असा की १९ एप्रिल १८६१ ला जो स्वतंत्र होता त्यालाच मागची थकबाकी मिळेल. म्हणजे पळून आलेल्यांचं काय? शॉच्या नंतर कर्नल झालेल्या एडवर्ड हॅलोवेलने त्यावर एक शपथ तयार केली, त्या तारखेला माझ्याकडून फुकट काम करून घ्यायचा हक्क कुणालाही नव्हता, अशी. गुलामगिरी मुळातच अन्याय मानणारा कुणीही ती शपथ खरेपणाने घेऊ शकत होता, आणि सगळ्यांनी घेतली. मुलांना ही शपथ जरूर सांगा, आठवीच्या पुढच्या मुलांना तर फार आवडेल.

आता फोर्ट वॅगनर. चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी मॉरिस आयलंड नावाचं वाळूचं बेट, त्यावर वाळूचाच किल्ला, भिंती वाळूच्या आणि ताडाच्या ओंडक्यांच्या, म्हणून तोफांचे गोळे नुसते रुतून बसायचे. ११ जुलैला एक हल्ला फसला होता. १६ तारखेला ५४ वी पलटण शेजारच्या जेम्स आयलंडवर पहिल्यांदा खरी लढली, चांगली लढली, मग रात्रभर वादळी पावसात दलदलीतून चालली, धड झोप नाही की धड खाणं नाही, आणि १८ जुलैच्या संध्याकाळी मॉरिस आयलंडवर पोचली. पुन्हा हल्ला करायचा होता, सगळ्यात पुढे कोण जाणार असं जनरल स्ट्राँगने विचारलं आणि शॉने आम्ही जातो म्हणून सांगितलं. दमलेल्या माणसांना पुढे घालायचं हे बरोबर होतं का, यावर मी खूप विचार केलाय आणि माझं मन अजून दोन्हीकडे जातं. पण ही माणसं लढणार नाहीत, पळतील असं अख्खा देश म्हणत होता, आणि ते खोटं ठरवायची संधी परत मिळेल याची कुणी हमी देत नव्हतं.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पावणेआठच्या सुमाराला, अंधार पडता पडता, सहाशे माणसं निघाली. निघण्याआधी जनरलने झेंडेवाल्याकडे बोट दाखवून विचारलं की हा पडला तर झेंडा कोण उचलेल, आणि शॉ तोंडातला सिगार काढून म्हणाला, मी उचलेन. तो भिंतीवर चढला, माणसांना पुढे बोलावत असतानाच गोळी लागून पडला. झेंडेवाला पडला तेव्हा झेंडा उचलला तो विल्यम कार्नी या सार्जंटने, व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला माणूस. त्याला एकामागून एक गोळ्या लागल्या, सरपटत, गुडघ्यांवर रांगत तो परत आला आणि म्हणाला, पोरांनो, झेंडा जमिनीला टेकू दिला नाही. त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेतलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं ते १९०० साली, ३७ वर्षांनी. डग्लस यांचा लुईस वाचला, त्याने दोन दिवसांनी आपल्या होणाऱ्या बायकोला लिहिलं की मी मेलो तर चांगल्या कामासाठी मेलो असं समज. सहाशेपैकी पावणेतीनशेच्या आसपास मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. किल्ला काही त्या रात्री मिळाला नाही.

पडलेल्या अधिकाऱ्याचं प्रेत सन्मानाने परत करायची तेव्हा रीत होती. शॉचं केलं नाही. अंगावरचा युनिफॉर्म काढून त्याला त्याच्या सैनिकांबरोबर एकाच खंदकात पुरलं आणि त्याच्या काळ्यांबरोबरच त्याला पुरलंय असं हिणवून बोलल्याची बातमी उत्तरेत पसरली. त्यांना वाटलं ही बेइज्जती झाली. पुढे सप्टेंबरमध्ये दक्षिणेने तो किल्ला सोडला, पण त्याच्या आधीच, ऑगस्टमध्ये, फ्रान्सिस शॉ यांनी तिथल्या सेनापतीला पत्र लिहून कळवलं की माझ्या मुलाचं प्रेत शोधू नका. सैनिक जिथे पडला तीच त्याची योग्य जागा, त्याच्याभोवती त्याची शूर माणसं आहेत, त्याला तिथेच राहू द्या. एकुलता एक मुलगा. आपल्याकडे अस्थी घरी आणण्यासाठी माणसं काय काय करतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, साता समुद्रापलीकडून आणतात. त्या बापाने कशी लिहिली असेल ती चार ओळींची चिठ्ठी. आज तो किल्लाही राहिला नाही, ते बेट झिजत गेलं आणि ती जागा समुद्राने घेतली.

आता स्मारकाकडे या. ते व्हावं ही कल्पना १८६५ मध्ये मांडली जोशुआ स्मिथ यांनी, बॉस्टनमध्ये केटरिंगचा धंदा करणारे कृष्णवर्णीय गृहस्थ. पुढे काम ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराकडे गेलं, त्याने आधी आराखडा केला तो नुसत्या घोडेस्वाराचा, जसा कुठल्याही चौकात असतो तसा. शॉच्या घरच्यांनी तो मान्य केला नाही. आमच्या मुलाला एकटा दाखवू नका, त्याच्या माणसांबरोबर दाखवा, असा त्यांचा आग्रह. मग शिल्पकाराने १४ वर्षं घेतली. कृष्णवर्णीय माणसांना समोर बसवून चाळीसएक चेहरे मातीत घडवले, म्हणून तुम्ही जवळ जाऊन बघा, एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. एकाला पिकलेली दाढी आहे, एकाला मिसरूडही नीट फुटलेलं नाही, सगळ्यात पुढे ढोल घेतलेलं पोर आहे. पाठीवर गुंडाळलेली ब्लँकेट्स, कमरेला पाण्याचे कँटीन, पँटच्या चुण्या, सगळं आहे. ३१ मे १८९७ ला अनावरण झालं, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी झटणारे नेते बुकर टी. वॉशिंग्टन बोलले, ५४ व्या पलटणीतले वाचलेले म्हातारे सैनिक तिथून परत एकदा चालत गेले आणि कार्नी झेंडा घेऊन आला होता.

पण आता मागे जा, कॉमनच्या बाजूला. मागच्या दगडावर १८९७ मध्ये नावं कोरली ती फक्त मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची. पुढे सैनिकांचे चेहरे होते, पण मागे त्यांना नाव नव्हतं. वॅगनरला पडलेल्या साठाहून जास्त कृष्णवर्णीय सैनिकांची नावं तिथे आली ती थेट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माच्या आगेमागे. त्या मुलीने मला विचारलं होतं ना, चालणारे कोण, त्याचं उत्तर तिथे मागे लिहिलेलं होतं आणि आम्ही पंधरा पावलांवरून निघून गेलो.

कुणीतरी म्हणेल, ताई हे सगळं ठीक, पण मराठी शाळेच्या सहलीत हे कशाला, हे तर त्यांना इथल्या शाळेत शिकवतील. बरोबर आहे, म्हणून आता आपलं सांगते. दर ११ एप्रिलला आपली मुलं जोतिबा फुले यांच्यावर भाषणं करतात, भिडेवाडा, १८४८, मुलींची शाळा, सावित्रीबाई, सगळं पाठ असतं. जोतिबांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिली, फोर्ट वॅगनरला तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका कुणाला आहे हे कितीजणांना माहीत आहे? अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. निग्रो गुलामगिरी मोडण्यासाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याच्या सन्मानार्थ, आणि माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून आपल्या शूद्र भावांना दास्यातून सोडवावं या इच्छेने. पुण्यात बसून त्या माणसाने सात समुद्रांपलीकडची लढाई आपली मानली. आणि ती अर्पणपत्रिका त्यांनी इंग्रजीत छापली होती हो! म्हणजे ज्या मुलांना देवनागरी वाचताना अजून बोट ठेवावं लागतं तीसुद्धा ती स्वतः वाचू शकतात. अर्पण ज्यांना केलंय त्यांचे चेहरे समोर ब्राँझमध्ये, आणि आपण तिथे सोनेरी घुमटाचा फोटो काढतो.

एक धागा माझ्या स्वतःच्या गावचा आहे. मी अकोल्याकडची, कापसाच्या घरातली. आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की एका मोठ्या लढाईच्या वेळी कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मग असा पडला की घरंच्या घरं बुडाली. लहानपणी मला ती इथलीच कुठलीतरी लढाई वाटायची. ती ही लढाई. उत्तरेच्या आरमाराने चार्ल्सटनसारखी दक्षिणेची बंदरं अडवून धरली, तिथला गुलामांच्या हातचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईतून वऱ्हाड-खानदेश-गुजरातचा कापूस जायला लागला, मुंबईत पैशाचा नुसता पूर आला, कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याबरोबर सगळा बाजार कोसळला. त्या वाळूच्या किल्ल्यासमोर जे मरत होते त्यांच्या लढाईचा पैसा माझ्या गावच्या बैलगाड्यांतून जात होता, आणि हे मला इथे येऊन कळलं. मुलांना हे आजी-आजोबांनी सांगायला हवं, ज्यांची घरं कापसाची आहेत त्यांनी तर नक्कीच.

तर माझी विनंती अशी. यंदाच्या सहलीत आपण पार्क स्ट्रीट स्टेशनला उतरून चढ चढून सरळ शॉच्या स्मारकाशी जाऊया, फोटो नंतर. निदान पाऊण तास तिथे थांबूया. मोठ्या मुलांपैकी एकजण शॉचं सांगेल, ते नाही आणि मग हो, डेरियन, सगळं. एकजण गूडिंगचं आणि शपथेचं, एकजण कार्नीचं. मग सगळ्यांनी मागे जायचं आणि प्रत्येक मुलाने दगडावरची दोन-तीन नावं मोठ्याने वाचायची. शेवटी जोतिबांची अर्पणपत्रिका. त्यानंतर दम असेल तर दहा मिनिटांवर बीकन हिलवर आफ्रिकन मीटिंग हाउस आहे, १८०६ सालचं, तिथेही या पलटणीची भरती झाली होती, ते बघूया, आणि फ्रीडम ट्रेल पुढच्या वर्षी. लहान मुलं कंटाळतील असं वाटत असेल तर खाऊ मी आणते, पण मला नाही वाटत कंटाळतील, मला प्रश्न विचारणारी दुसरीतलीच होती.

आणखी एक, पालकांना वेगळं सांगते. मुलं घरी येऊन विचारतील की जोतिबा आपल्या लोकांना काय सांगत होते, कुणाला कोण दास करत होतं, आपण कुठल्या बाजूचे होतो. त्या प्रश्नाला "अजून लहान आहेस" म्हणून उडवून लावू नका. माझ्या घरीसुद्धा तो प्रश्न सोपा नाही, तरी जमेल तसं उत्तर द्यायचं मी ठरवलंय.

अर्पणपत्रिकेच्या प्रती आणि नावांची यादी मी काढून आणते, २५ प्रती पुरतील ना ते कळवा. कार्नीचं सांगायला एक मुलगा तयार आहे, गूडिंगसाठी अजून कुणी नाही, आणि शॉचं सांगायला त्याच मुलीला विचारायचा माझा विचार आहे, आता ती चौथीत आहे, तिच्या आईने हे पत्र वाचलं असेल तर मला फोन करा.

तुमचीच,
रविवारच्या वर्गातली मावशी